‘गांधी’ पाहताना: माळव्यातल्या मराठी प्रेक्षकाला काय दिसलं, काय दिसलं नाही

रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ ३० नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीत पहिल्यांदा दाखवला गेला. तीन तासांहून लांब चित्रपट, मध्ये मध्यंतर. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला आठ ऑस्कर मिळाले आणि त्यानंतर तर तो ‘पाहिलाच पाहिजे’ असा पिक्चर झाला. इंग्रजीबरोबर हिंदी आवृत्तीही निघाली होती. तिच्यात बेन किंग्जली यांच्या गांधींना आवाज होता पंकज कपूर यांचा. पुढे दूरदर्शनने तो घराघरांत नेला.

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर आलेली आणि नंतर नोकरी, वकिली, शिक्षकी, पूजाअर्चा यांसाठी येत राहिलेली मराठी घरं इथे आहेत. घरात मराठी, रस्त्यावर माळवी-हिंदी, सासर किंवा माहेर कुठेतरी पुणे, सातारा, कोल्हापूर, ग्वाल्हेर नाहीतर इंदूर, असा हा समाज. या समाजाने ‘गांधी’ कसा पाहिला असेल, आणि या चित्रपटाविषयी आपल्याकडे जे बोललं जातं त्याच्या मुळाशी कोणता इतिहास आहे, हा या टिपणाचा विषय.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. हा चित्रपट ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गांधींचा आहे. आपले आजे-पणजे ब्रिटिश हिंदुस्थानात राहत नव्हते, संस्थानात राहत होते. त्यामुळे पडद्यावर ओळखीचे चेहरे भरपूर दिसतात, पण आपलं गाव दिसत नाही. आपल्याकडच्या प्रतिक्रियांमध्ये अभिमान, नाराजी आणि कधी कधी गप्प बसणं, हे तिन्ही सापडतं. त्यातलं बरंचसं या रिकाम्या जागेतून आलेलं आहे.

आपली माणसं

आधी अभिमानाची गोष्ट. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या. त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना आधी देश पाहून ये असं सांगणारे गोखले पडद्यावर थोडाच वेळ आहेत, पण मराठी प्रेक्षक त्यांना विसरत नाही. दुसऱ्या युनिटचं दिग्दर्शन गोविंद निहलानींचं होतं. कस्तुरबांचं शेवटचं आजारपण आणि २२ फेब्रुवारी १९४४ चा त्यांचा मृत्यू ज्या आगाखान पॅलेसमधला, तो पुण्याचाच.

सगळ्यात मोठं नाव भानू अथय्या यांचं. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या. जॉन मोलो यांच्याबरोबर वेशभूषेचं ऑस्कर त्यांना मिळालं, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंचापर्यंतचा गांधींचा प्रवास चित्रपट कपड्यांमधून सांगतो. लाखोंच्या गर्दीतल्या माणसांची धोतरं, पागोटी, टोप्या खऱ्या वाटाव्या लागतात. ते काम ज्या बाईंनी केलं त्या एका संस्थानी राजधानीत वाढलेल्या होत्या.

कोल्हापूर आणि देवास हे नातं तर घरातलं. देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. भानू अथय्यांच्या ऑस्करचं देवासच्या मराठी घरांत कौतुक होतं, त्याला हे जुनं नातंही कारण आहे.

आणखी एक धागा गाण्याचा. चित्रपटभर भजनं आहेत. साबरमती आश्रमात संगीत सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य, आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधींबरोबर चालले. पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे, म्हणजे तेही संस्थानातलेच. पलुसकरांचे दुसरे शिष्य प्रा. बी. आर. देवधर, आणि देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व, म्हणजे आपले देवासचे कुमारजी. चित्रपटात खरेबुवा कोण हे कुणी सांगत नाही. सांगायचं कारणही नाही. पण आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला भजन सुरू झालं की ही परंपरा आठवते.

संस्थान कुठे गेलं?

आता न दिसलेल्या गोष्टी. सुरुवातीची हत्या आणि अंत्ययात्रा झाली की चित्रपट थेट १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेत, रेल्वेच्या डब्यात जातो. तीन तासांत सगळं आयुष्य मावणार नाही हे उघड आहे. पण या उडीत काय सुटलं ते पाहा. गांधी जन्माने संस्थानी होते. वडील करमचंद पोरबंदरचे दिवाण, नंतर राजकोटलाही दिवाणगिरी. दरबार, पोलिटिकल एजंट, राजाची मर्जी, कारभाऱ्याची अडचण हे सारं त्या घरात रोजचं. चित्रपटात पोरबंदर येतं ते समुद्र आणि लग्नाच्या आठवणीपुरतं. धार-देवासच्या जुन्या कारभारी घराण्यातल्या माणसाला गांधींच्या आयुष्यातला जो भाग सगळ्यात लवकर समजला असता, नेमका तोच कथेबाहेर राहिला.

हे नुसतं बालपणापुरतं नाही. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशी हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधींनी समोर बसलेल्या राजेमहाराजांच्या दागिन्यांवर टीका केली आणि सभा मोडली. तो प्रसंग चित्रपटात नाही. १९१८ मध्ये इंदूरला, म्हणजे होळकरांच्या राजधानीत, ते हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. दक्षिणेत हिंदी प्रचाराचं काम सुरू झालं ते तिथूनच, आणि त्यासाठी त्यांनी मुलगा देवदास याला मद्रासला पाठवलं. १९३५ मध्ये ते पुन्हा इंदूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुढे याच राष्ट्रभाषेच्या कामात काका कालेलकरांसारखे मराठी कार्यकर्ते राबले. चित्रपटात १९१७ चं चंपारण सविस्तर आहे, १९१९ चं जालियनवाला आहे. मधलं इंदूर नाही. देवासहून इंदूर तासाभराच्या अंतरावर, धारही फार लांब नाही. आपल्या दारात आलेले गांधी ते हेच.

संस्थानातली चळवळ वेगळी होती, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावं लागतं. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसमध्ये असं ठरलं की संस्थानांतले लढे काँग्रेसच्या नावाने न चालवता तिथल्या लोकांनी आपल्या संघटनांमार्फत चालवावेत. म्हणून आपल्याकडे ‘काँग्रेस’पेक्षा ‘प्रजामंडळ’ हा शब्द जास्त ऐकू येतो. समोर गोरा कलेक्टर नव्हता. समोर आपलाच राजा होता, त्याचा दिवाण कदाचित आपल्याच नात्यातला, आणि त्यांच्या मागे पोलिटिकल एजंट. राजाविरुद्ध सभा घ्यायची म्हणजे दसऱ्याला ज्याला मुजरा केला त्याच्याविरुद्ध उभं राहायचं. चित्रपटातला सोपा सामना, एका बाजूला निःशस्त्र माणसं आणि दुसऱ्या बाजूला साहेबाची लाठी, इथे तसाच्या तसा बसत नाही.

गांधींनाही हा पेच टळला नव्हता. १९३९ मध्ये राजकोट संस्थानात सत्याग्रह झाला. कस्तुरबा तिथे अटकेत गेल्या, आणि मार्चमध्ये गांधींनी उपोषण केलं. त्याच सुमारास सातारकडच्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधींच्या सल्ल्याने आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी घटना स्वीकारली. एक मराठी राजा स्वतःहून हे करतो, ही गोष्ट कुठल्याही चित्रपटात शोभली असती. ॲटनबरोंच्या कथेत राजकोटही नाही आणि औंधही नाही.

धारला तर याहून जुनी आठवण होती. १८५७ मध्ये इंग्रजांनी धारचा किल्ला वेढा घालून घेतला आणि संस्थान जप्त केलं. १८६० मध्ये ते परत मिळालं, पण बैरसिया परगणा गेला तो गेलाच. राज्य एकदा हातचं गेलेलं असलं की पुढच्या पिढ्यांचे राजे आणि कारभारी जपून वागतात. हे माहीत नसेल तर ‘आपल्याकडे एवढी शांतता कशी?’ हा प्रश्न अन्यायाचा ठरतो.

याच संदर्भात दुसऱ्या एका चित्रपटाचा उल्लेख करायला हवा. ‘गांधी’नंतर दोनच वर्षांनी डेव्हिड लीन यांचा ‘अ पॅसेज टू इंडिया’ आला. गंमत म्हणजे लीन यांनी स्वतः कधी काळी गांधींवर चित्रपट करायचं योजलं होतं, आणि गांधींच्या भूमिकेसाठी त्यांच्या डोळ्यांसमोर ॲलेक गिनेस होते. तेच गिनेस या चित्रपटात प्रोफेसर गोडबोले झाले. मूळ कादंबरी ई. एम. फॉर्स्टर यांची. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस होते. असहकाराचा जोर होता ते हेच वर्ष. कादंबरीच्या शेवटच्या भागातलं ‘माऊ’ संस्थान आणि तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव देवासवरून घेतलेला आहे. लीन यांनी तो शेवट काश्मीरला, श्रीनगरला नेला. म्हणजे दोन वर्षांत दोन मोठे इंग्रजी चित्रपट आले, आणि दोन्हींत आपला मुलूख पडद्यामागे राहिला.

३० जानेवारी

चित्रपट सुरू होतो तो हत्येच्या प्रसंगाने आणि संपतोही तिथेच. मारेकऱ्याचा चेहरा दिसतो. तो कोण, कुठला, कट कुठे शिजला, यात कथा शिरत नाही. दिल्ली-लंडनच्या प्रेक्षकाला ती एक शोकांतिका होती. मराठी घरांत तिचा अर्थ आणखी वेगळा होता, आणि मध्य भारतातल्या मराठी घरांत त्याहून वेगळा.

ज्या पिस्तुलाने गांधींचा खून झाला ते ग्वाल्हेरहून मिळवलेलं होतं. त्या प्रकरणात ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे आरोपी होते. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांना शिक्षा सुनावली, आणि पूर्व पंजाब हायकोर्टाने जूनमध्ये त्यांची निर्दोष सुटका केली. खुनाच्या बातमीनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नागपूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जाळला गेला. ज्यांनी गांधींचा द्वेष कधी केला नव्हता अशी माणसंही त्यात होरपळली. आणि ज्यांच्या घरात तो द्वेष होता, तिथे त्याबद्दल मोकळेपणाने बोलणं बंद झालं.

माळव्यातल्या घरांचे सोयरे त्याच गावांत होते. तेव्हा ‘गांधी’चा पहिला प्रसंग पाहताना एकाच ओळीत बसलेल्या माणसांच्या मनात तीन-चार वेगवेगळ्या आठवणी उभ्या राहणं साहजिक होतं. कुणाला खादी घातलेला काका आठवावा, कुणाला जळलेलं आजोळ, कुणाला शाळेत ‘तुमच्यातल्याच एकाने मारलं ना?’ असं ऐकलेलं. हे सगळं एकाच घरात असू शकतं. म्हणूनच पिक्चर कसा होता याचं उत्तर आपल्याकडे कधी कधी ‘फोटोग्राफी छान आहे’ एवढंच मिळतं. त्या उत्तराला हसू नये, तेसुद्धा त्या घराच्या इतिहासाचा भाग आहे.

यात एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. १९४८ चा जाळपोळीचा अन्याय खरा आहे, आणि म्हणून खून सौम्य होत नाही. खून खराच आहे, आणि म्हणून जाळपोळ योग्य ठरत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येणं आपल्याला बरीच वर्षं जमलं नाही. मराठी रंगभूमीने पुढे हे विषय आपल्या पद्धतीने हाताळले. नव्वदच्या दशकात अजित दळवींचं ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे बाप आणि मुलगा हरिलाल यांच्यावरचं नाटक आलं. त्याच दशकात मारेकऱ्याची बाजू मांडणारं नाटकही आलं, आणि त्यावरून मोठा वाद झाला. २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधी झाले दिलीप प्रभावळकर. मराठी माणसाचं गांधींशी चाललेलं भांडण आणि समेट एका इंग्रजी चित्रपटात मावण्यासारखं नव्हतंच.

महू

आपल्या परिसरातला सगळ्यात ठाम आक्षेप आहे महूचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. धारहून महू म्हणजे शेजार. आणि ‘गांधी’ चित्रपटात आंबेडकर नाहीत. कमी वेळ आहेत असं नव्हे, पात्र म्हणून ते मुळात नाहीतच. गोलमेज परिषद येते आणि जाते. १९३२ चं येरवड्यातलं उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार पूर्ण वगळलेला आहे.

सुभाषबाबू नाहीत अशीही तक्रार होते, आणि तीही खरी. पण आंबेडकरांचं नसणं वेगळ्या जातीचं आहे. पुणे करार वगळला की गांधींचा अस्पृश्यतेविरुद्धचा प्रयत्न तेवढा राहतो, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी त्यांना विचारलेला प्रश्न गायब होतो. चित्रपटात आश्रमातल्या संडास-सफाईवरून गांधी-कस्तुरबांचं भांडण फार परिणामकारक दाखवलं आहे. पण तेही एका सवर्ण घरातलंच भांडण. दलित प्रेक्षकाने या चित्रपटाविषयी राग व्यक्त केला तर तो गांधीद्वेष म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या रागामागे एक तारीख आणि एक करार आहे.

ही उणीव भरून निघायला वेळ लागला. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ २००० साली आला. त्यात मामुट्टी आंबेडकर, तर गांधी मोहन गोखले. ‘गांधी’ला पैसा पुरवणाऱ्यांत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होतं आणि या चित्रपटामागेही तेच. दोन्ही चित्रपट एकामागोमाग पाहिले तर १९३२ सालाला पहिल्यांदा दोन बाजू मिळतात. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत ते तसेच, जोडीने दाखवावेत असं मला वाटतं.

देवासचे गांधी

मग आपल्या परिसराने गांधींना स्वतःहून काय दिलं? याचं उत्तर देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. क्षयाने आजारी पडलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी मुंबईहून देवासला आले. त्यांच्या चरित्रांत त्या दिवसाची तारीख दिली जाते ३० जानेवारी १९४८. एकीकडे रेडिओवर ती बातमी, आणि दुसरीकडे गाणं पुन्हा गाता येईल की नाही याची खात्री नसलेला चोवीस वर्षांचाही पूर्ण नसलेला गवई एका अनोळखी गावात उतरतो आहे. पुढची पाच-सहा वर्षं त्यांनी जाहीर गाणं गायलं नाही. माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं कानांत साठवली, आणि मग एक नवंच गाणं घेऊन ते उभे राहिले. १२ जानेवारी १९९२ ला गेले तेही देवासलाच.

गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, १९६९ च्या सुमारास, त्यांनी ‘गांधी मल्हार’ हा राग बांधला. बंदिशीही त्यांच्याच. म्हणजे ॲटनबरोंचा चित्रपट यायच्या बारा-तेरा वर्षं आधी देवासमध्ये गांधींचं एक चरित्र तयार झालेलं होतं, पण त्यात प्रसंग नव्हते. दक्षिण आफ्रिका नव्हती, दांडी नव्हती, खून नव्हता. मल्हार हा पावसाचा राग. तापलेल्या जमिनीवर पाऊस पडतो तसा या माणसाचा गुण, असा विचार गायकाने सुरांतून मांडला.

दोन्हींची तुलना करून एकाला लहान म्हणायचं नाही. चित्रपटाने जगातल्या कोट्यवधी माणसांना गांधी दाखवले. ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत अंत्ययात्रेचा प्रसंग चित्रित झाला, तेव्हा तीन लाखांहून जास्त माणसं जमली. कितीतरी जण पैसे न घेता आले होते. ती गर्दी नुसती एक्स्ट्रांची नव्हती. तेहेतीस वर्षांपूर्वीच्या शोकात सामील व्हायला आलेली माणसंही तीत होती. प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया चित्रपट पूर्ण व्हायच्या आधीच, त्याच्या फिल्मवर उमटली, असं म्हणायला हरकत नाही.

नोंदी करायला हव्यात

१९४८ मध्ये दहा-बारा वर्षांचं असलेलं माणूस ‘गांधी’ आला तेव्हा पंचेचाळिशीत होतं. संस्थान पाहिलेली, ३० जानेवारी आठवणारी आणि टॉकीजमध्ये हा पिक्चर पाहिलेली ती शेवटची पिढी. आज ती नव्वदीच्या घरात आहे. मे १९४८ मध्ये धार-देवास मध्य भारतात विलीन झाले, त्याचे कागद दप्तरात सापडतील. घरातल्या बोलण्याचे कागद नसतात.

तेव्हा मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना एक विनंती. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘पिक्चर आवडला का’ असं विचारू नका. हिंदीत पाहिला की इंग्रजीत, कुणाबरोबर पाहिला, पहिल्या प्रसंगाला शेजारी कोण काय म्हणालं, घरी आल्यावर आजोबांनी कुठली गोष्ट सांगितली किंवा सांगायचं टाळलं, हे विचारा. घरात प्रजामंडळाची पावती, खादीचा जुना तुकडा, १९४८ सालचं एखादं पत्र असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. धार, देवास, महू, ग्वाल्हेर, कुठलंही गाव चालेल. एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी तर आधी लिहून ठेवा, कारण पडद्यावर न आलेला माळवा बहुधा त्यांच्यातच सापडेल.